वरातीत थांबलेला ड्रम

घनसावंगी,
ता. २४ नोव्हेंबर २०२४

ति. मामांना,
प्रभावतीचा सविनय जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं सुरू केली, पण आता पोस्टमनची वाट पाहणं मला बरं वाटतं. पाकिटावर या वेळी माझ्या नावाआधी सौ. नव्हतं. तुम्ही बरोबरच लिहिलं, दुसरं काय लिहिणार होता? पोस्टमनच्या हातून घेताना मी ते परत एकदा वाचलं, एवढंच.

आमचं ठीक चाललं आहे. कापूस वेचणीमुळे बायका बाळांना घेऊन उन्हं उतरल्यावरच उपकेंद्रात येतात, त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी मला घरी यायला उशीर होतो. भावनाच्या पप्पांची मोटारसायकल विकून टाक असं तुम्ही लिहिलं, ते मला पटतं. पण भावना रोज सकाळी शाळेत जाण्याआधी सीटवरची धूळ पुसते, म्हणून मी विषय काढलेला नाही.

भावनाचा नववीचा अभ्यास बरा आहे. गणितात कच्ची आहे. तुमच्या घराण्यात गणितात कोणी कच्चं नव्हतं असं तुम्ही म्हणाल, तर ते माझ्याकडून आलं असं समजा.

शाळेच्या बँडपथकात तिचं नाव यांनीच जूनमध्ये दिलं होतं. जुलैमध्ये हे गेले, त्यानंतर ती सरावाला गेलीच नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर संध्या मॅडम, ज्या पोरांना बँड शिकवतात, त्या घरी आल्या आणि तिला हाताला धरून घेऊन गेल्या. तेव्हापासून पोरगी पोटभर जेवायला लागली. साइड ड्रम वाजवते, पुढच्या रांगेत. घरी ताटावर, खिडकीच्या गजावर, जे हाताशी येईल त्यावर तिचा सराव चालू असतो. मी रागावते. पण घरात आवाज असला की बरं वाटतं.

२६ जानेवारीला इथल्या मैदानावर संचलन आहे. तुम्ही आणि मामी आलात तर तिला फार आवडेल. मामींचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळवा.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सून,
प्रभावती


धावडा,
ता. १ डिसेंबर २०२४

चि. प्रभावतीस,
साहेबरावाचे अ. उ. आ. व जय भीम.

पत्र पोचलं. मामीचे गुडघे जसे होते तसेच आहेत, बोलणं मात्र वाढलं आहे. तूर चांगली आली आहे, डाळ झाली की पाठवतो.

आता महत्त्वाचं. भावना ड्रम वाजवते असं तू लिहितेस. राजानंदने मला जूनमध्ये फक्त बँड म्हणून सांगितलं होतं. मी बिगुल समजलो, नाहीतर बासरी. ड्रमचं नाव त्याने काढलं नाही, कारण काढलं तर मी काय म्हणेन हे त्याला माहीत होतं.

तुला अर्धवट माहीत असेल म्हणून लिहितो. माझे वडील गावचं डफडं वाजवायचे. लग्न असो की पोळा असो, गावकीचा माणूस दारात यायचा आणि चल म्हणायचा. अंगात ताप असला तरी चल. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिला मातीत ठेवून ते घरी आले, तर माणूस दारात उभाच होता. कुणाची तरी वरात होती. त्यांनी पाय धुतले आणि वाजवायला गेले. मी सोबत होतो. लोक नवरदेवावरून नोटा आणि चिल्लर ओवाळून टाकायचे आणि ते खाली वाकून उचलायचे.

धर्मांतरानंतर त्यांनी डफड्याचं कातडं स्वतःच्या हाताने फाडलं आणि कडं चुलीत घातलं. गावाने आमचा किराणा बंद केला, गिरणी बंद केली. आई पाट्यावर ज्वारी वाटायची. पण ते परत कुणाच्या दारात वाजवायला गेले नाहीत. त्यांच्यामागे आमच्या घरात कुणी चामड्याला हात लावला नाही.

आणि आता त्यांची पणती गळ्यात ड्रम अडकवणार? शाळेचा आहे, गणवेश आहे, हे मला सांगू नको. वाद्य बदललं, गळ्यातला पट्टा तोच. तिला बासरी घ्यायला सांग. देत नसतील तर बँड बंद.

तुझ्यावर राग नाही. तब्येतीला जप.

साहेबराव


घनसावंगी,
ता. १५ डिसेंबर २०२४

ति. मामांना,
सविनय जय भीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. एकदा लिहिलं आणि फाडलं, कारण त्यात तुम्हाला टोचेल असं बरंच होतं. आता जे लिहिते ते टोचलं तरी राहू द्या.

तुमच्या बहिणीचं मला माहीत नव्हतं. हेही कधी बोलले नाहीत. ते वाचून मला झोप आली नाही. पण मामा, ड्रम यांनीच निवडला. संध्या मॅडम तिला बासरीच देत होत्या. यांनी शाळेत जाऊन सांगितलं की हिचा हात एकदा बघा, आणि मग काय द्यायचं ते ठरवा. तुमच्याशी ते का बोलले नाहीत हे मी आता त्यांना विचारू शकत नाही. तुम्हीही नाही. त्यांनी दिलेली गोष्ट मी तिच्या हातातून कशी काढून घेऊ, असं मी लिहिणार होते.

तेवढ्यात जे घडलं ते सांगते. मी सांगितलं होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तातेराव यांच्या मुलाचं लग्न होतं. पोरांना सांगितलं की संस्थेचा कार्यक्रम आहे, गणवेशात या. मी स्नेहसंमेलनाचं काही असेल समजले आणि रात्री गणवेशाला इस्त्री करून ठेवली. निघाली वरात. डीजेला परवानगी मिळाली नव्हती, म्हणून शाळेचा बँड. दुसऱ्यांची लेकरं, फुकटात. मला हे आधी कळलं असतं तर मी पाठवलं नसतं.

भावना मात्र खुश होती, खोटं कशाला लिहू. माणसं तिच्या ठेक्यावर पहिल्यांदाच नाचत होती. मग अध्यक्षांचे भाऊ नाचत पुढे आले. नवरदेवावरून नोट ओवाळली आणि हिच्या तोंडापुढे धरली, दातात पकड म्हणून. हिने मान फिरवली. त्यांनी ती नोट ड्रमच्या पट्ट्यात, खांद्यापाशी खोचली. पोरीच्या खांद्यापाशी, मामा.

ती थांबली. काड्या काखेत धरल्या, नोट काढली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली की काका, आम्ही शाळेचे आहोत. तिचा ड्रम थांबला तशी झांज थांबली, बिगुल थांबले. नाचणारे हात वर करून तसेच उभे. कुणीतरी हसलं. भावांनी विचारलं की ही कुणाची पोरगी. मागून कुणीतरी आडनाव सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की मंग बराबर आहे, यांना आता नोटबी हातात घ्यायला कमीपणा वाटतो.

हे मला संध्या मॅडमनी सांगितलं. भावनाने फक्त एवढंच सांगितलं की मधेच थांबावं लागलं, ठेका चांगला जमला होता.

सोमवारी मुख्याध्यापक रामप्रसाद सरांनी मला बोलावलं. म्हणाले की पाहुण्यांसमोर संस्थेची शोभा झाली, ही गैरशिस्त आहे, पालकाचा लेखी माफीनामा द्या, तोवर ती बँडमध्ये नाही आणि २६ जानेवारीलाही नाही. मी विचारलं की माफी नेमकी कशाची मागायची. त्यावर ते अगदी मऊ आवाजात म्हणाले की बाई, आम्ही तुमची परिस्थिती समजून घेतो. घरात बाप नाही, वळण लावणारं कुणी नाही, मग असं होतंच.

मी नोकरीत पुष्कळ साहेबांचं ऐकून घेतलं आहे. हेही ऐकून घेतलं. उठले आणि आले. बाजाराच्या कोपऱ्यावर येईपर्यंत सगळी उत्तरं सुचली. ज्या माणसाने तिला वळण लावलं त्याला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि यांनी ते पुसूनही टाकलं. नोट परत करणं हेच ते वळण, हे त्या खुर्चीतल्या माणसाला दिसलं नाही.

बाजारात काकासाहेब भेटले. त्यांची आकांक्षा बिगुल वाजवते, भावनाची मैत्रीण आहे. माणूस वाईट नाही. ते म्हणाले की ताई, कायला एवढं मनाला लावून घेता, आमच्या पोरीलाबी नोट दिली, तिनं खिशात घातली आन् वाटंत कुल्फी खाल्ली. त्यांना कसं समजावू? त्यांच्या पोरीला दिलेली नोट ही कुल्फीच असते. आपल्या पोरीला दिलेली कुठून कुठून येते, ते तुम्ही मला तुमच्या पत्रात लिहिलंच आहे.

मी माफी लिहिणार नाही. आणि तिला आता त्या बँडमध्येही पाठवणार नाही. तुमचं खरं झालं.

राग सगळा शाळेवरचा आहे, त्यातला तुमच्याकडे सांडला असेल तर पोटात घाला.

प्रभावती


धावडा,
ता. २० डिसेंबर २०२४

चि. प्रभावतीस,
अ. उ. आ. व जय भीम.

मामीला पत्र वाचून दाखवताना माझा आवाज इतका चढला की शेजारी भांडण सोडवायला आले.

माफी बिलकुल लिहायची नाही. त्या हेडमास्तरापुढे तुला बोलता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नको. राजानंदही असाच होता. घराबाहेर गप्प, आणि घरी आल्यावर भिंतीशी बोलायचा. मी त्या हेडमास्तराला पत्र लिहायला बसलो होतो. दोन ओळींतच अशी भाषा आली की मी गावचा पोस्टमास्तर होतो हे आठवून कागद बाजूला ठेवला.

ड्रम सुटला हे एका परीने बरं झालं. पोरीला अभ्यासाला लाव. डाळ पाठवली आहे.

साहेबराव


घनसावंगी,
ता. २९ डिसेंबर २०२४

ति. आबांना,
भावनाचा सप्रेम जय भीम.

हे पत्र आईला न सांगता लिहून राह्यले. रागावू नका. किंवा रागवा, पण पूर्ण वाचा.

तुमचं पत्र आईने ओट्यावर ठेवलं होतं, ते मी वाचलं. त्यात आहे की ड्रम सुटला हे बरं झालं. आबा, कुणाचं बरं झालं?

माझा ड्रम अंगदला दिला. तो चांगला आहे, पण पळतो, म्हणजे ठेका घाईने वाजवतो. हळू चालीतपण पळतो. काल पोरं कवायत करून राह्यली होती की सुटलेली एसटी धरायला धावून राह्यली होती, तेच समजत नव्हतं. आकांक्षाचा बिगुल एकीकडे, तिचे पाय एकीकडे. मी कंपाउंडच्या बाहेरून बघत होते. सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझे हात स्वेटरच्या खिशात आपोआप हलत होते.

पप्पा गेल्यावर वर्गात कोण काय बोललं ते मला कळायचंच नाही. सर विचारायचे आणि मी नुसती उभी राहायची. बँडमध्ये मात्र मोठा ड्रम एकदा पडला की मला कळतं, आता माझं. तेव्हा दुसरं काही डोक्यात नसतं. ते कसं असतं ते मला लिहिता येत नाही. तुम्ही एकदा बघायला आले असते तर कळलं असतं.

तुमच्या वडिलांचं पण मी वाचलं, ते पत्रसुद्धा. वाचून मला पण खूप राग आला. पण त्यांना जबरदस्ती वाजवायला लावलं. मला कुणीच जबरदस्ती केली नाही, वरातीतपण नाही. मी नोट परत केली कारण ते खांद्याला हात लावून राह्यले होते आणि मला ते आवडलं नाही. मी इतिहासाचा विचार केला नव्हता. आता तुम्ही, आई आणि रामप्रसाद सर, तिघं मिळून मला सांगता की वाजवू नको. मंग ही पण जबरदस्तीच झाली ना? आणि कुणी मला एकदा तरी विचारलं का?

म्हणून माझं मागणं ऐका. माफीनामा तुम्ही लिहा, पालक म्हणून. आई मरेपर्यंत लिहिणार नाही. मी मनातून माफी मागणार नाही, फक्त कागदावर. लिहायचं असेल तर जल्दी लिहा, सराव रोज होतो.

आजीला सांगा, डाळ शिजायला फार वेळ घेते, पण चांगली आहे.

तुमची लाडकी (अजून आहे का?),
भावना


धावडा,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. भावनास,
अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र वाचून मला राग आला. मग त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून आणखी राग आला. मी अंगणात फेऱ्या मारत होतो. तुझी आजी म्हणाली की नातीने बराबर चिमटा काढला वाटतं.

माफीनामा मी लिहिणार नाही. फक्त कागदावरची असं तू म्हणतेस. तो कागद त्यांच्या कपाटात राहील. तू कॉलेजात जाशील, नोकरीला लागशील, तरी तो तिथेच राहील आणि पुढच्या एखाद्या पोरीला काढून दाखवतील, की बघ, त्यांनीसुद्धा लिहून दिलं होतं. तुझ्या आईचं यात पूर्ण बरोबर आहे.

पण ड्रम सुटला हे बरं झालं, ही माझी ओळ मी मागे घेतो.

माझे वडील वाजवायचे ते चांगलं वाजवायचे. दुसऱ्या गावचे लोक मुद्दाम ऐकायला यायचे. हे मी तुझ्या पप्पालाही सांगितलं नव्हतं, कारण एकदा चांगलं म्हटलं की पुढचं बोलणं अवघड होतं. त्यांचा राग डफड्यावर होता असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तू कुणी विचारलं का असं लिहिलंस, तेव्हा मला वाटलं की राग न विचारण्याचाच असणार. त्यांना सगळ्यांनी बोलावलं. येतोस का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एखाद्या वेळी ते हो म्हणाले असते, आणि बहीण गेली त्या दिवशी नाही म्हणाले असते.

म्हणून तुझ्या आईलाही हे सांगतो, तिला हे पत्र दाखव. ड्रम सोडायचा नाही. माफी लिहायची नाही. आणि शाळेला गरज पडून बोलावणं आलंच, तर शिपायाच्या निरोपावर जायचं नाही. ज्याने काढलं त्याने घरी यावं आणि विचारावं. तुला विचारावं, आईला नाही. मग तुला वाटेल ते सांग.

ते येतील असं मी म्हणत नाही. नाही आले तर या वर्षी तुझं वाजवणं गेलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

लाडकी आहेसच. चोरून दुसऱ्यांची पत्रं वाचणं बंद कर. मी पोस्टात होतो, मला ते खपत नाही.

आबा


घनसावंगी,
ता. २६ जानेवारी २०२५

ति. मामांना व मामींना,
सविनय जय भीम, वि. वि.

मामींच्या गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

तिने तुम्हाला चोरून पत्र लिहिलं हे कळल्यावर मी तिच्यावर खूप चिडले. तुमचं उत्तर वाचल्यावर रागवायला काही उरलं नाही. पण मामा, तुम्ही धावड्यात बसून अट घातली, इथे ती पाळायची मला होती.

शुक्रवारी मैदानावर तालुक्याच्या मोठ्या साहेबांसमोर शेवटची रंगीत तालीम झाली. अंगद नेहमीसारखा पळाला, मागच्या रांगा पुढच्यांवर चढल्या आणि ध्वजाजवळ पोरांचा ढीग झाला. साहेब म्हणाले म्हणे की हे संचलन आहे का बाजार उठला. संध्या मॅडम तात्पुरत्या नोकरीवर आहेत, पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची खात्री नाही. तरी त्यांनी रामप्रसाद सरांना तोंडावर सांगितलं की भावनाला आणा, नाहीतर रविवारी बँड मी घेऊन जाणार नाही.

शनिवारी दुपारी शाळेचा शिपाई आला. म्हणाला की उद्या पोरीला गणवेशात पाठवा, सरांनी सांगितलंय, माफीचं राहू द्या. मला इतका संताप आला की दार लावून घ्यावंसं वाटलं. हवी तेव्हा बाहेर काढायची, गरज लागली की निरोप धाडायचा, आणि माफीचं राहू द्या म्हणजे जणू आमच्यावर उपकार. भावना माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी शिपायाला म्हणाले की तिला विचारायचं असेल तर सरांनी स्वतः यावं. तो म्हणाला की ताई, सर कशाला येतेत, पोरीचं नुकसान करून राह्यल्या तुम्ही, पुन्हा इचार करा. मी म्हणाले की केला.

तो गेल्यावर भावना आत गेली. भांडी आपटत घासली. भाकरी थापता थापता मला रडू आलं. तुमच्या आणि माझ्या अभिमानात पोरीचा दिवस गेला, असं मला वाटलं. हे असते तर त्यांनी काय केलं असतं, ते पण मला ठरवता येईना. हे गेल्यापासून मी सगळं एकटीने ठरवते, पण इतकी एकटी मी त्या चुलीपुढे पहिल्यांदा होते.

दिवेलागणीला दारात स्कूटर थांबली. रामप्रसाद सर. त्यांनी आत येऊन यांच्या फोटोकडे पाहिलं आणि मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत. माझ्याशी बोलायला लागले, की बाई, झालं गेलं. मी म्हणाले की सर, विचारायचं तिला आहे. त्यांना ते अवघड गेलं. पण त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं की भावना, उद्या वाजवायला येशील का.

मला वाटलं ही उडी मारून हो म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. तिने ओढणीला हात पुसले आणि विचारलं की पुढची रांग का. सर हो म्हणाले. मग तिने विचारलं की परत वरातीत न्यायचं का. सर म्हणाले की ते माझ्या हातात नाही, ते संस्था ठरवते. त्यावर ती म्हणाली की मग वरातीचं तेव्हा येऊन विचारा, तेव्हाचं तेव्हा सांगीन. उद्या येते.

मामा, तुम्हाला हे जसंच्या तसं कळावं म्हणून लिहिलं.

मी चहा केला. साखर घालायची राहून गेली, मुद्दाम नाही. सरांनी तो तसाच पिला. निघताना दारात हळू आवाजात म्हणाले की त्या दिवशी मी तुमच्याशी चुकीचं बोललो. मी म्हणाले की हो सर, चुकीचं बोललात. इतके दिवस घोकून ठेवलेल्या सगळ्या बोलण्यातलं एवढंच बाहेर आलं.

आज तिने वाजवलं. मला संगीतातलं काही कळत नाही. पण सगळ्या पोरांचे डावे पाय एकदम जमिनीवर पडत होते, आणि ते तिच्या हातांमुळे पडत होते, हे मला दिसत होतं. अध्यक्षांचे भाऊ पुढच्या खुर्चीवर होते. बँड समोरून गेला तेव्हा ते मोबाइलमध्ये बघत बसले. बसू देत. काकासाहेब माझ्या शेजारी उभे होते. टाळ्या वाजवत म्हणाले की ताई, तुमच्या लेकीमुळं आज आमची पोरगी पाय अडकून पडली न्हाई. थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाले की वरातीत नेलं ते चुकलंच त्यांचं. मी मान हलवली.

माझा राग पूर्ण गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण आज तो खाली बसला आहे.

गुडघ्याचं तेल सोबत पाठवते. दोघांनी जपून राहा आणि आम्हाला आठवत राहा.

तुमची,
प्रभावती


धावडा,
ता. २ फेब्रुवारी २०२५

कु. भावना राजानंद बोर्डे यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

आपल्या आईंचं पत्र मिळालं. मी ते वाचलं, आणि मामीला, म्हणजे आपल्या आजीला, दोनदा वाचून दाखवावं लागलं. बिनसाखरेच्या चहाची जागा तिने पुन्हा वाचायला लावली.

आमच्या गावी १४ एप्रिलला भीमजयंतीची मिरवणूक निघते. काल समितीची बैठक झाली. त्यात मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं की या वर्षी मिरवणुकीच्या पुढे माझी नात ड्रम वाजवील. लोक माझ्याकडे बघत राहिले, कारण इतकी वर्षं मिरवणुकीत डफडं नको म्हणून भांडणारा मीच. तेवढ्यात समितीचा पोरगा, प्रेम, म्हणाला की आबा, तिला विचारलं का?

मी खाली बसलो.

म्हणून हे पत्र. मिरवणूक संध्याकाळी बुद्धविहारापासून निघते आणि सगळ्या गावातून जाते. माझ्या वडिलांना ज्या दारांपुढे उभं राहावं लागायचं, त्या सगळ्या दारांवरून जाते. ड्रमची सोय समिती करील. पुढे आपण राहाल. कुणी नोट ओवाळली तर त्याला मी बघून घेईन.

आपण वाजवायला याल का? हो किंवा नाही, जे मनाला येईल ते कळवावं. परीक्षा जवळ असेल, किंवा नुसतंच नको वाटलं, तरी तसं लिहावं. कारण लिहिण्याची गरज नाही. नाही म्हणालात तर त्या दिवशी नुसत्या जेवायला या. खीर होईलच.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
साहेबराव